काठाखालचं नाव

"टाकायलाव? कामून?"

कचऱ्याची गाडी गल्लीत शिरली की अण्णा आपल्या ओट्यावरून उठायचे आणि हे विचारत आमच्या दारापर्यंत यायचे. हातातली वस्तू काढून घ्यायची, बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करायचं, कान लावायचा, आणि मग निकाल: "ह्यात अजून जीव हाय." फुटकी बादली असो, फ्रिजचं खोकं असो नाहीतर प्लायवूडचा तुकडा. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. घरात अडगळ साठली म्हणून त्याची बायको वैतागलेली असते, आणि अडल्या वेळेला सगळी गल्ली खिळा, तार, दोरी मागायला त्याच्याकडंच जाते.

हुमनाबादला मी कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. बायको, तीन वर्षांची मुलगी आणि मी. शेजारचं घर अण्णांचं. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. त्यांचा एकुलता एक मुलगा हैदराबादला होता.

अण्णा लॉऱ्या रंगवायचे. हायवेलगतच्या शेडमध्ये त्यांनी चाळीसेक वर्षं लॉरीच्या पाठीवर मोर, कमळं, वाघ आणि मालकांच्या लेकरांची नावं काढली होती. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू, चारी भाषांतली अक्षरं ते लिहायचे. वाचता मात्र पहिल्या दोनच यायच्या. मोर त्यांचा फार चांगला. वाघ जरा मांजराकडं झुकायचा. एका मालकानं तशी तक्रार केली, तर अण्णा म्हणाले होते, "मागचा डायवर ओव्हरटेक करंल का मिशा मोजंल?"

पुढं छापील स्टिकर आले आणि शेडमधलं काम आटलं. मग अण्णा संध्याकाळी हायवेवरच्या चहाच्या टपरीवर बसायचे. एखादी जुनी लॉरी गेली की माझं मनगट धरायचे. "ती बगा तम्मा, माझी." मला विशीतल्या पोराला म्हणावं तसं ते तम्मा म्हणायचे, म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. धुळीतून एवढ्या लांबून कसं ओळखता, असं विचारलं तर म्हणायचे, "लेकराला पाठमोरं वळखत न्हाई व्हय माणूस?"

प्रत्येक कामाच्या उजव्या कोपऱ्यात ते नाव घालायचे. आधी 'पेंटर', मग नाव, मग आडनाव, आणि शेवटी निळ्या रंगात आरे असलेलं एक लहानसं चाक. ड्रायव्हर लोकांना ते लॉरीचं चाक वाटायचं. ते धम्मचक्र होतं. अण्णांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर लवकरच दीक्षा घेतली होती, आणि घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. "मालक लॉरीवर आपला देव काडून घेतोय, त्याचा त्याला लखलाभ," ते म्हणायचे. "कोपरा माझा."

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. एकदा झाकलं, आणि आता तेच नाव लेखात मिरवायचं, हे माझ्यानं होत नाही.

आमच्या घराला अण्णांनी हळूहळू घरपण आणलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल होती आणि घरमालक दाद देत नव्हता. अण्णांनी त्या ओलीच्या डागाच्या कडेकडेनं वेल काढला. डाग वाढला की वेलाला आणखी दोन पानं. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं तुळशीवृंदावन झालं, लग्नपत्रिका कापून दाराला तोरण झालं. माझी बायको त्यांच्या हाताखाली इतकी तयार झाली की मी दाढीच्या ब्लेडचं रिकामं पाकीट टाकायला निघालो तर तीही विचारायला लागली, "टाकायलाव?"

आणि मग आमच्याकडं महालक्ष्म्या आल्या.

आमच्या घरच्या महालक्ष्म्या गावी, निंबर्ग्याजवळ, थोरल्या भावाकडं बसतात. त्या वर्षी त्यानं घर पाडून बांधायला काढलं होतं. आईनं फोनवर सांगितलं, "औंदा लक्ष्मी तुज्याकडं. मी मुखवटे घेऊन येतो. सगळं रीतीनं कर, नावं ठेवून घेऊ नको." आमच्या भागात बायकाही 'येतो' म्हणतात, आणि आईच्या 'येतो'मध्ये दम असतो. बायको दोन्ही खोल्यांतून फिरून आली. दोन खोल्यांत देवी बसवायच्या कुठं, आणि मागं आरास काय करायची? बाजारातल्या तयार मखरांची किंमत विचारून आम्ही नुसतेच परत आलो होतो.

अण्णांना कळलं तेव्हा ते आधी स्पष्ट बोलले. "हे बगा अक्का, मी हात जोडणार न्हाई. ते आमच्यात न्हाई. पण मागची भिंत माझ्याकडं द्या."

पुढचे दहा दिवस आमचं घर म्हणजे त्यांची शेड. एका लॉरीतून आलेल्या पेटाऱ्याचं प्लायवूड त्यांनी आणलं. सायकलच्या दोन जुन्या रिंगा कापून प्रभावळ केली आणि तिला बायकोच्या फाटक्या साडीचा जरीचा काठ गुंडाळला. आइस्क्रीमच्या काड्यांचा कठडा झाला. प्लायवूडवर तळं, तळ्यात कमळं, दोन्ही बाजूंना मोर. पोपटांच्या चोची कुठल्या रंगाच्या हे त्यांनी माझ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली जांभळ्या, तर जांभळ्या. बायको एकीकडं करंज्या लाटायची आणि अण्णांना मधूनच एखादी द्यायची. ते ती रंगाच्या हातानं खायचे आणि म्हणायचे, "टर्पेंटाइनची चव भारी लागायली."

शेवटच्या दिवशी त्यांनी उजव्या कोपऱ्यात नाव घातलं. पेंटर, नाव, आडनाव, निळं चाक. ब्रश पुसला आणि दोन पावलं मागं सरून बघत राहिले. "आता लॉऱ्यावर कोण घालू देतंय," एवढंच म्हणाले.

अण्णा घरी गेल्यावर मी त्या कोपऱ्यासमोर उभा राहिलो. आडनावावरून आमच्या गावाकडं माणसाची वस्ती कळते. आमच्या शेतावर त्या वस्तीतली माणसं कामाला येत. त्यांचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असे, आणि तो वेगळा ठेवणारी माझी आई. लक्ष्मीच्या पाठीशी ते नाव पाहून ती काय म्हणेल? मुखवटे परत पेटीत घालून चालू लागली तर? सोबत येणाऱ्या भावकीतल्या बायका गावभर काय सांगतील?

उरलेला जरीचा काठ पडला होता. मी त्याची वीतभर पट्टी कापली, चांगला घट्ट डिंक लावला आणि त्या नावावर चिकटवली. एकट्या कोपऱ्याला पट्टी विचित्र दिसत होती म्हणून उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांना तशाच पट्ट्या लावल्या. आता ती नक्षीच वाटत होती. माझ्या हुशारीचं मला बरंही वाटलं, हे कबूल करतो.

बायकोनं पाहिलं. "नाव कामून झाकलाव?"

"दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. माय गेली की काढू."

"अण्णा बगायला येणार हायत. मी बोलावलंय."

मी पट्टीची कड अंगठ्यानं दाबून बसवली. लक्षात घ्या, तोवर आई आलीही नव्हती. तिनं एक शब्द उच्चारला नव्हता. मी शिकलेला, कारखान्यात सगळ्यांच्या डब्यातलं खाणारा, आणि तिच्या वतीनं सगळं मीच करून मोकळा झालो होतो.

आई आली, आणि आरास बघून दारातच थांबली. तिनं मोराच्या मानेवरून बोट फिरवलं. भावकीतल्या बायकांना बोलावून बोलावून दाखवलं. माझ्या बायकोकडं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा कौतुकानं पाहिलं असेल.

जेवणाच्या दिवशी देवीला नैवेद्य झाला, घरात पुरणाचा वास भरला होता, आणि अण्णा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. वरच्या खिशात एक बारीक ब्रश. कुठं रंग उडाला असेल तर म्हणून आणला असेल, किंवा नुसतं बघायला येणं त्यांना अवघड वाटलं असेल. चपला काढून त्यांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला, आणि नेमकं तेव्हाच आईनं मला विचारलं.

"कुणी केलं रं हे? मोर कसा जिता वाटायलाय."

मी अण्णांना पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

"कलबुर्गीहून आणलं, माय. तयार मिळतंय."

अण्णांची नजर उजव्या कोपऱ्याकडं गेली. जरीच्या पट्टीवर थांबली. मग इतर तीन पट्ट्यांवरून फिरून माझ्याकडं आली. माझ्या हातातलं पुरणाचं पातेलं मला कुठं ठेवावं ते कळेना. आणि मग अण्णा हसून आईला म्हणाले, "व्हय माय, कलबुर्गीला असलं लई मिळतंय. स्वस्त पडतंय."

"हे कोण?" आईनं विचारलं.

"शेजारी," मी म्हणालो.

"मग बाहेर कामून? या की, बसा. जेवून जावा."

माझी आई म्हणाली हे. नाव, आडनाव कळलं असतं तर तिनं हेच म्हटलं असतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. ते कळायची वाटच मी बंद केली होती. अण्णा म्हणाले, "न्हाई माय, घाईत हाव." आत टाकलेला पाय त्यांनी मागं घेतला. बायकोनं धावत जाऊन त्यांच्या हातात पुरणपोळ्यांचा डबा दिला. तिचे डोळे भरले होते. आईला वाटलं, चुलीच्या धुरानं.

तीन दिवसांनी आई गेली. मी पट्टी काढली नाही. आरास उतरवून, चादरीत बांधून माळ्यावर टाकली. नंतर काढू, अण्णांच्या समोरच काढू, माफी मागू, असं माझं चाललं होतं.

तसं बदललं काहीच नाही. अण्णा मला तम्माच म्हणायचे. टपरीवर भेटले की मनगट धरून लॉरी दाखवायचे. मुलीला बोलावून तिच्या मोडक्या खेळण्यांना रंग द्यायचे, पण आपल्या ओट्यावर. आमच्या घरात मात्र ते परत आले नाहीत. स्वयंपाकघरातली ओल वेलाच्या पुढं गेली आणि तिला पानं फुटली नाहीत. मी दर सुट्टीला ठरवायचो की आज बोलू. मग वाटायचं, माणूस हसतोय, बोलतोय, त्यानं मनावर घेतलेलं दिसत नाही, आपणच कशाला खपली काढा. हा विचार मला फार सोयीचा होता. वर्ष मी त्याच्यावर काढलं.

आषाढात एका सकाळी अण्णा उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या अंगणात मांडव घातला होता. भंतेजींची वंदना झाली, लोक दोन-दोन शब्द बोलले. हैदराबादहून आलेला मुलगा फोटोला हार घालताना म्हणाला, "अप्पांनी आयुष्यभर रंगवलं, आन् घरात त्यांच्या हातचं एकबी चित्र न्हाई. सगळं लॉऱ्यावर गेलं." अव्वा माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमच्याकडं एक हाय न्हवं? मोराचं. फोटोजवळ ठिवाया आणताव का?"

मी घरी आलो. माळ्यावरून प्लायवूड काढलं आणि पट्टीवर ओलं फडकं धरलं. सुटेना. सुरीचं टोक घातलं. काठ निघाला, आणि त्याच्या पाठीला चिकटून रंगाची सालच्या साल निघून आली. एकही अक्षर वाचता येत नव्हतं. खाली कोरं लाकूड होतं. बायको बाजूला उभी होती. तिनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

तसंच ते मी घेऊन गेलो. न्यायचं नाही, सापडलं नाही म्हणायचं, हेही मनात येऊन गेलं. मुलानं प्लायवूड उजेडात धरलं, मोराच्या मानेवर हात फिरवला आणि त्याचा अंगठा उजव्या कोपऱ्यात आला. तो तिथं शोधत राहिला.

"अप्पा नाव घातल्याबिगर ब्रश ठिवत नव्हते."

"होतं," मी म्हणालो. "मी झाकलं होतं. आई येणार होती म्हणून."

एवढं बोलायला मला वर्ष लागलं, आणि ज्यांच्याशी बोलायचं होतं ते फोटोत होते. मुलगा माझ्याकडं बघत राहिला. अव्वानं पदराच्या टोकानं त्या कोऱ्या जागेवरची धूळ पुसली.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "त्या दिशी हे तुमचा डबा घिऊन आले. पोळ्या गल्लीतल्या पोरायला वाटल्या. लायटीत मोर लई चांगला दिसायलाय म्हणले, आन् जेवले न्हाईत."