न लागलेली जोड

कल्पना करा, तुम्ही लाल मातीच्या फडात मधोमध उभे आहात. चारी बाजूंनी माणसं बसली आहेत, काही झाडांवर, काही टेम्पोच्या टपावर. तुमच्या डाव्या मुठीत एका पैलवानाचं मनगट आहे, उजव्या मुठीत दुसऱ्याचं. दोघांच्या माना, छात्या, मांड्या एका नजरेत तोलायच्या आणि ठरवायचं, ही जोड बसते का. बसत असेल तर दोन्ही हात वर उचलायचे. एकदा हात वर गेले की कुस्ती ठरली, मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. बसत नसेल तर हात सोडून द्यायचे. तेवढा वेळ हलगीही थांबलेली असते. वेळ म्हणाल तर दोन श्वासांचा.

गहिनीनाथ खर्डे यांनी कोल्हारच्या जत्रेत हे काम एकोणतीस वर्षं केलं. आठ-नऊशे जोड्या लावल्या असतील. त्यांतल्या फारच थोड्या आता त्यांना नीट आठवतात. विसरता येत नाही ती न लावलेली एक.

आता त्यांचं वय चौऱ्याहत्तर. उजवा गुडघा तरुणपणीच कुस्तीत गेला, त्यामुळे चाल जरा तिरकी. रोज दुपारी चारला ते प्रवरेच्या पुलाजवळच्या हॉटेलात येऊन बसतात. समोरच्या बाकावर शामकांत गुरुजी. गुरुजींनी शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि प्रत्येक जत्रेतली प्रत्येक कुस्ती वहीत लिहून ठेवली. दोघांत वाद एकच. कोल्हारचा सहादेव आणि श्रीगोंद्याचा राधाकृष्ण ही त्या काळातली दोन मोठी नावं. दोघं कधी एकमेकांना भिडले नाहीत. भिडले असते तर कोण जिंकलं असतं? राधाकृष्णाला जाऊन दहा वर्षं झाली, सहादेव गेल्या दसऱ्याला गेला, पण हॉटेलात त्यांची कुस्ती रोज लागत होती.

"सहादेवाचा ढाकेचा डाव मारायला आधी मान हातात यावी लागते, गहिनीनाथराव," गुरुजी बशीत चहा ओतत म्हणायचे. "राधाकृष्ण मान देणारा माणूस नव्हता. खाली वाकायचा आणि समोरच्याचा पाय घेऊन जायचा."

"पाय न्यायला आधी पाय हलला पायजे. सहादेवाचा पाय म्हंजे पुलाचा खांब."

"पुरात खांबही हलतात."

"आमच्या पुलाचं न्हाई हलत. जाऊन बघा, हितंच हाय."

हॉटेलवाला हसायचा. मग गुरुजी ठेवणीतला प्रश्न काढायचे. "सत्याऐंशीच्या जत्रेत दोघं तुमच्या समोर उभे होते. दोघांचे हात तुमच्या हातात होते. का नाही लावलीत जोड?"

"वजनात फरक हुता," गहिनीनाथ म्हणायचे. तेवढ्यावर चहा संपायचा.

यंदा जत्रेआधी त्यांची नात रेश्मा आठवडाभर गावी आली. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, गावातून लॅपटॉपवरच काम करत होती. चार दिवस हा वाद ऐकल्यावर पाचव्या दिवशी तिने लॅपटॉप हॉटेलातच आणला.

"तुमचं भांडण मिटवते. आकडे सांगा. मशीन दोघांची हजार वेळा कुस्ती लावेल आणि सांगेल कोण जास्त वेळा जिंकतं."

"मशीनला माती म्हाईत हाय का?" गहिनीनाथांनी विचारलं.

"नाही आबा. म्हणून तर ती कुणाची बाजू घेत नाही."

गुरुजींना हे फार आवडलं. ते घरी जाऊन वही घेऊन आले. कुस्त्या किती, जिंकल्या किती, किती मिनिटांत, कोणत्या डावावर. गुरुजी वाचत गेले, रेश्मा भरत गेली. गहिनीनाथ मधेमधे दुरुस्ती सांगत होते. राहुरीतली कुस्ती बारा मिनिटांची होती, दहा नव्हे. फार वर्षांनी ते असे खुलले होते.

"आता वजन," रेश्मा म्हणाली.

गुरुजींनी पान उलटलं आणि चष्मा काढून पुसला. मग हळू वाचलं. "जत्रेच्या सकाळी, धान्याच्या काट्यावर. सहादेव ब्याण्णव किलो. राधाकृष्ण त्र्याण्णव."

रेश्माची बोटं थांबली. "आबा, एका किलोचा फरक?"

गहिनीनाथांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी बशीत पाहत होते. हा आकडा त्यांच्या वहीत इतकी वर्षं होता, आणि रोज तो प्रश्न विचारूनही त्यांनी तो कधी बाहेर काढला नव्हता.

मशीनने सहादेवला बावन्न टक्के दिले. "बावन्न टक्क्यांनी कुणाची पाठ लागत नसते," गुरुजी म्हणाले. पण गहिनीनाथ तोवर काठी घेऊन उठले होते.

घराच्या वाटेवर त्यांनी रेश्माला आपणहून सांगितलं. जोड लावायचं काम आधी गोरक्षनाथ वस्ताद करायचे. एका पावसाळ्यात वस्ताद वारले आणि गावाने ते गहिनीनाथांवर टाकलं. सत्याऐंशीची जत्रा ही त्यांची पहिलीच. शेवटची कुस्ती सहादेव आणि राधाकृष्णाची व्हावी, हे सगळ्यांच्या मनात होतं.

"राधाकृष्णाचा हात धरला, तर घट्ट लाकूड. सहादेवाचा धरला, तर येगळंच. मोटार चालू झाल्यावर पायपाला कशी बारीक थरथर येती, तसं मनगट थरथरत हुतं. वरून कुनाला दिसत नव्हतं. फकस्त मला कळत हुतं."

"ताप होता का?"

"ताप असंल, न्हाईतर भ्या असंल. मी म्हनलं, आपल्याच गावात, आपल्याच मानसांपुढं ह्येची पाठ लागायला नको. हात सोडले. वजनाचं कारन सांगितलं."

श्रीगोंद्याकडच्यांनी शिट्ट्या मारल्या. कोल्हारचं वाघरू बिळात शिरलं, असं कुणीतरी ओरडलं, आणि ते वाक्य पुढची कित्येक वर्षं फिरत राहिलं. सहादेवने कपडे उचलले आणि तो निघून गेला. त्यानंतर तो कुठल्याच फडात उतरला नाही. ऊस लावला, गायी सांभाळल्या. रस्त्यात भेटला तर राम राम करायचा, त्यापुढे एक शब्द नाही. त्याला वाचवलं, असं गहिनीनाथ स्वतःला सांगत आले होते.

"सहादेवआजोबांच्या बायकोला, पुष्पाआजींना विचारा की," रेश्मा म्हणाली. "त्या दिवशी ताप होता का, ते त्यांना माहीत असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना स्कूटीवर बसवून सहादेवच्या वस्तीवर घेऊन गेली. पुष्पावतीबाई ओट्यावर कांद्याच्या पाती कापत होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"या भावजी. लई दिसांनी वाट सापडली."

गहिनीनाथांनी पाणी घेतलं, गायींची चौकशी केली, उसाचं विचारलं. मग तांब्या खाली ठेवला. "वहिनी, त्या जत्रेच्या दिवशी सहादेवाच्या अंगात ताप हुता का?"

"ताप? सकाळी दोन शेर दूध पिऊन गेलते."

"मग त्येचा हात थरथरत का हुता?"

पुष्पावतीबाईंचा विळा थांबला. त्यांनी गहिनीनाथांकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांची एक गाठ कुठे होती, ते त्यांना तेव्हाच समजलं असावं. आवाजात मात्र राग नव्हता.

"त्यो तर कायमच थरथरायचा, भावजी. लग्नात माजा हात धरला तवा बी थरथरला. गाय व्यायला लागली की थरथरायचा. कुस्तीला निघायच्या आदी भाकरीचा तुकडा मोडता यायचा न्हाई, मीच मोडून द्यायची. एकदा कामाला भिडले की थांबायचा. गोरक्षनाथ वस्तादांना ठावं हुतं. ते म्हनायचे, ह्येचा हात थरथरला की समजावं, आज समोरच्याचं काय खरं न्हाई."

गहिनीनाथ आपल्या उजव्या मुठीकडे पाहत राहिले. वस्तादांनी जाण्याआधी त्यांना सगळं शिकवलं होतं. मान कशी बघायची, उभं राहणं कसं बघायचं. हे तेवढं सांगायचं राहिलं होतं.

"माजी चूक झाली, वहिनी."

"झाली," त्या म्हणाल्या. "त्येंनी नाव कदी घेतलं न्हाई तुमचं. चांगलं बी न्हाई, वाईट बी न्हाई." आणि कांद्याच्या पातीची एक जुडी त्यांनी रेश्माच्या हातात दिली.

दुपारी चारला गुरुजींनी चहा सांगितला. वही आणली नव्हती. गहिनीनाथांनी त्यांना सगळं सांगितलं, हॉटेलवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात. वजनाचं कारण खोटं होतं, हेही.

गुरुजींनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे सहादेवच जिंकला असता, म्हणता?"

"ते सोडा, गुरुजी." गहिनीनाथांनी चहा तसाच ठेवला. पलीकडे पुलावरून उसाचा ट्रॅक्टर हळूहळू चालला होता. "मला एक सांगा. त्येला ठावं हुतं त्यो भ्यायला न्हाई. मी हात सोडला, तवा एक शब्द बोलला असता तर मी पुन्यांदा धरला असता. मग त्यो बोलला का न्हाई?"