आमेनसाठी थांबलेले काका

समस्त रत्नागिरीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या शेजारच्या काकांइतका उतावळा माणूस या किनाऱ्यावर आजवर जन्मलेला नाही. कुणाची हरकत असल्यास ती थेट काकांकडेच नोंदवावी. वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर मिळेल.

सगळी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. त्यांची शिट्टी वाजली की खेडच्या गाडीचा ड्रायव्हर अर्धा चहा टाकून पळत सुटायचा. निवृत्तीनंतर काकांनी ती शिट्टी निसर्गावर रोखली. होड्या लागायच्या आधीच ते मिरकरवाड्याच्या बंदरावर पोचतात आणि "काय करतायत काय आत एवढा वेळ?" असा जाब किनाऱ्यावरच्या कोळणींनाच विचारतात. आढीत घातलेले आंबे इतक्या वेळा दाबून बघतात, की त्यांच्या घरचा हापूस पिकत नाही, शरण येतो. एकदा मी त्यांना आरे-वारेच्या किनाऱ्यावर सूर्यास्त दाखवायला नेलं. "बुडायचंय तर बूड ना मेल्या," काका सूर्याला म्हणाले, "जेवणं खोळंबलीत!"

पण हाच माणूस प्रार्थनेला बसला की त्याला कुठून सवड मिळते कोण जाणे. दर बुधवारी त्यांच्या घरी प्रार्थनासभा असते. मी ख्रिस्ती नाही, पण चहाच्या आशेनं जातो. होड्या, आंब्याचा मोहोर, पाळकसाहेबांचा खोकला, माझा गुडघा, सगळं काका सावकाश प्रभूच्या कानावर घालतात. "माझा गुडघा राहू दे हो," मी एकदा म्हटलं.

"गप रे! त्याला सगळं सांगायचं आणि वाट बघायची. तिथं आपली शिट्टी चालत नाही."

ही प्रार्थना आवरायची एकच सोय होती, काकू. चहा उकळला की स्वयंपाकघरातून त्यांचं खणखणीत "आमेन!" यायचं आणि काका मुकाट डोळे उघडायचे.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं हळूहळू सुधारलं, वाचा मात्र गेली ती गेलीच. येईल, कदाचित येणार नाही, वाट बघा, असं डॉक्टर म्हणाले. वाट बघा! आणि ते काकांना!

तेव्हापासून काका आमेनपर्यंत येतात आणि थांबतात. ती जागा काकूंची. चहावर साय धरते, मंडळी चुळबुळतात. एकदा पाळकसाहेबांनी तोंड उघडलं, तर काकांनी मिटल्या डोळ्यांनीच गाडी अडवावी तसा हात आडवा केला. "थांबा. ती म्हणेल." मग बऱ्याच वेळानं, काकूंचा हात हातात घेऊन, स्वतःच हलकेच म्हणतात.

काकूंनी अजूनही आमेन म्हटलेलं नाही आणि काका अजूनही थांबतात. पण गेल्या बुधवारी मी तिथं होतो. "प्रभू," काका म्हणत होते, "गाडी लेट झाली तरी चालेल. रद्द तेवढी करू नको. मी स्टँडवरच आहे." आणि आमेनपाशी येऊन थांबले. मी एक डोळा किलकिला करून बिस्किटांचा अंदाज घेत होतो, म्हणूनच मला दिसलं. खुर्चीतल्या काकू कपांकडे बघत होत्या. कपाळावर ती जुनी आठी, ओठ थरथरणारे. आणि जड जिभेनं, पण त्याच जुन्या ठसक्यात, काकू बोलल्या,

"पुरे हो! चाय निवली!"