घायपाताचं झाकण
नव्वदच्या दशकात कुरकुंभजवळच्या एका शेडमध्ये मी फायबरची झाकणं बनवायला जायचे. शेतातल्या मोटारींवर बसवायची झाकणं. काचेच्या तंतूंची मॅट कापायची, साच्यात अंथरायची, वरून रेझिन मारायचं. काचेची बारीक कुसळं अंगभर टोचायची. माझं सोडा, पण लेक दीड वर्षाची होती. एकदा घरी येऊन तिला तशीच उचलली, तर गालापासून मानेपर्यंत पुरळ उठलं. मग आंघोळ होईपर्यंत तिला शिवायचं नाही, हा नियम मीच केला. मी मोरीत आणि ती दाराबाहेर रडत. मला त्या नियमाचा भयंकर राग यायचा, आणि तो काढावा कुणावर तेही कळायचं नाही.

माझे सासरे भांडगावात घायपाताच्या पानांतला वाख, म्हणजे धागा, काढून दोर वळायचे. पानाचा रस खाजरा, पण धुतलेला वाख अंगाला अगदी गरीब. जे बैलाच्या ओढीनंही तुटत नाही, ते झाकणाला का चालू नये? शेडमधल्या मिस्त्री चाचांना विचारलं.

"आन की," चाचा म्हणाले. "बघू तरी."

शेठनीही करून बघायला मुभा दिली. मामंजींनी चार दिवस खपून वाख काढला, विंचरला, पोत्यात बांधून दिला. आम्ही झाकण ओतलं. दुसऱ्या दिवशी ते पांढरंफटक, आणि चाचांनी नख लावलं तर पदरच सुटून आला. मी रेझिनला नावं ठेवली, साच्याला ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

घरी सांगितल्यावर मामंजी म्हणाले, "आसं कसं? मी तर पाणी मारून, ओल्या पोत्यात गुंडाळून दिला हुता. वाळका वाख वळताना तुटतो, पोरी."

जन्मभर त्यांनी वाख ओला करूनच हाताळला होता, आणि रेझिनला पाण्याचा थेंब चालत नाही. चूक माझी, मीच सांगितलं नव्हतं, आणि वाखाची ओल हाताला लागली तरी मनावर घेतली नव्हती. पण त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

"पुन्हा द्या, मामंजी. या टायमाला कडकडीत वाळवून."

त्यांनी तो पत्र्यावर तीन दिवस वाळवला. झाकण तपकिरी, जाडजूड झालं. चाचा त्यावर उभे राहिले, तरी हूं का चूं नाही. त्या आठवड्यात मी वाखाचीच झाकणं केली, काचेला हात लावला नाही. घरी आले की दारातच लेकीला उचलायचे. पहिल्या दिवशी ती रडायचीच थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुरळ उठलं नाही.

शेठनी झाकण वाजवून बघितलं. "मजबूत हाय. पण वाख रेझिन लय पितो, आन् गिऱ्हाइकाला गुळगुळीत लागतं. बंद करा."

"गिऱ्हाईक काय झाकणाला गाल घासणार हाय का?" मी म्हणाले. शेठ हसले, पण ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कात्री उचलली, तर चाचांनी ती माझ्या हातातून घेतली.

"मॅट मी कापतो, मीच अंथरतो. तू साचे पूस, पॉलिश लाव. माझी नातवंडं काय आता कडेवर बसायची न्हाईत."

काचेच्या धुळीनं ते तेव्हाही खोकत होते. पुढची दोन वर्षं तो खोकला मी साचे पुसता पुसता रोज ऐकला. कात्री मात्र मी एकदाही परत मागितली नाही.