मिरचीनंतरचं दळण

सोनपेठला आमची पिठाची गिरणी. दोन चक्क्या: एक धान्याची, एक मिरची-हळदीची. मिरचीची बिघडली, की मिरची धान्याच्या चक्कीवर दळायची. पण त्यानंतर घरची पायलीभर ज्वारी दळून ते तिखट पीठ फेकून द्यायचं, मगच गिऱ्हाइकाचं दळण. हा वडिलांचा नेम.

त्या उन्हाळ्यात मिरचीची चक्की बंद पडली होती. लग्नसराईत वडिलांनी दोन महिने एक दिवसही सुट्टी घेतली नाही. जेवताना डोळा लागायचा. आई म्हणाली, "एक दिस बंद ठेवा की," तर ताट भिंतीवर गेलं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरात कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. ते माझ्यासाठी राबतात हे कळत होतं, म्हणून मी ताट उचललं आणि भिंत पुसून घेतली.

बाजारच्या दिवशी गर्दीत ते नेम विसरले. मिरचीमागोमाग एका बाळंतिणीचे गहू पडले.

दुसऱ्या सकाळी तिचा भाऊ डबा घेऊन आला. "मामा, खाऊन बघा तुमचंच पीठ! माझ्या बहिणीला जाळायलाय का?" आणि मूठभर पीठ त्यानं वडिलांच्या तोंडावर मारलं.

वडिलांनी कोपऱ्यातली पहार उचलली. पहिला घाव खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज चालू चक्कीतही ऐकू आला. तो पडला. दुसरा घाव डब्यावर बसून पत्रा फाटला. तिसऱ्या घावासाठी पहार वर गेली, तेव्हा तो ओरडला, "मेलो मामा!" मी वडिलांच्या दंडाला लोंबकळले. त्यांनी झटकलं, माझं कपाळ चौकटीवर फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं.

आईनं मेन स्विच पाडला. चक्की घरघरत थांबली.

पहार तशीच वर. वडील इकडंतिकडं बघू लागले. "बंद झाली का गं?"

"झाली. बसा."

ते सांडलेल्या पिठात बसले, भिंतीला टेकले आणि झोपले. शेजारी तो पोरगा विव्हळत होता. आम्ही त्याला दवाखान्यात न्यायला रिक्षात घातलं, तरी वडील उठले नाहीत.

नंतर वडील त्याच्या घरी जाऊन पाया पडले. आईनं बाळंतिणीचे गहू हाताच्या जात्यावर दळून दिले. तेव्हापासून दर सोमवारी ती गिरणीला कुलूप लावते, किल्ली कमरेला खोचते.

"लय मोठे शेठ झाले का?" कुणीतरी बाहेरून शटर वाजवतंच.

"झोपलेत," आई मागच्या घरातून म्हणते. "उद्या या."