दोन श्रावणांमधलं जर्क चिकन

माझ्या नवऱ्याला सगळं ऑफिस भाऊसाहेब म्हणायचं, म्हणून चेष्टेने मीही तेच म्हणू लागले. माझा राग कायम नाकावर. त्यांच्याकडे तो औषधालाही नव्हता. घरात शिरलेल्या उंदरालाही आधी दार उघडून वाट दाखवणारा माणूस. परराष्ट्र मंत्रालयात नोकरी. एकदा जमैकाच्या वकिलातीत बदली झाली आणि तिथून परतताना त्यांनी आणलं काय, तर कोंबडी जाळून खायची विद्या.

जर्क चिकन म्हणतात त्याला. कांद्याची पात, आलं, लसूण, जायफळ, गूळ, लिंबू आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी भूत जोलोकिया मिरची वाटून कोंबडीला चोळायची, रात्रभर मुरवायची आणि पेरूच्या लाकडाच्या धुरावर भाजायची. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दरवर्षी आखाडातल्या अवसेला, श्रावण लागायच्या आत, हा कार्यक्रम व्हायचा. शेजारी एक मल्याळी, एक बंगाली. ते ताटं घेऊनच यायचे.

निवृत्तीनंतर सगळी पुंजी घालून गाझियाबादला घर घेतलं. मला नाशिकला परतायचं होतं, पण भाऊसाहेबांचा जीव या घरात. आता इथून निघायचं ते चौघांच्या खांद्यावरूनच, असं सगळ्यांना सांगत सुटले होते.

पहिल्याच वर्षी त्यांनी गच्चीवर शेगडी पेटवली. आमच्या मराठी दिनदर्शिकेत श्रावण उद्यापासून होता. इथला सावन पौर्णिमा सरली की लगेच, आपल्याआधी पंधरा दिवस लागतो, हे इतकी वर्षं दिल्लीत काढूनही आमच्या डोक्यात आलं नाही. खालच्या मजल्यावरच्या नीरज त्यागीने हरिद्वारहून पायी गंगाजल आणून आदल्याच दिवशी शंकराला वाहिलं होतं. त्याच्या पायांचे फोडही सुकले नव्हते, आणि आमचा धूर थेट त्याच्या देवघरात शिरला.

तो दोन मित्रांना घेऊन वर आला, हातात लाठी. भाऊसाहेब हसून "आओ बेटा" म्हणाले आणि पहिला तडाखा त्यांच्या तोंडावर बसला. पुढचे दात गेले. शेगडी लाथेने उडाली, निखारे माझ्या पायांवर पडले. डोकं वाचवायला त्यांनी उजवा हात वर केला, तो मनगटात मोडला. मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी मध्ये पडले तर मला केस धरून पाण्याच्या टाकीवर आदळलं. जाताना उरलेलं वाटण त्यांच्या फुटलेल्या ओठांवर चोळून गेले, मेले.

पोलिसांना भाऊसाहेबांनी सांगितलं, जिन्यावरून पडलो. मी संतापले, तेव्हा एवढंच म्हणाले, "उल्का, इथेच राहायचंय आपल्याला."

राखीपौर्णिमेला त्यांचा सावन संपला. आमचा अर्धाच झाला होता. दुसऱ्या दिवशी खालून कोंबडीच्या रश्श्याचा वास आला आणि माझं डोकं फिरलं. चिमटा उचलून मी खाली गेले. प्लास्टरमधला हात सांभाळत भाऊसाहेब माझ्यामागे. नीरजने दार उघडलं. खरं सांगते, त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. हातातली वाटी पुढे करून म्हणाला, "अंकलजी, सावन तो खत्म हो गया. अब आराम से खाओ."

"बेटा, हमारा अभी चल रहा है," भाऊसाहेब म्हणाले.

तो हसला. "ये कौन सा सावन है?"

माझा चिमटा वर उचललेला तसाच राहिला. भाऊसाहेबांनी डाव्या हाताने ती कढत वाटी त्याच्या तोंडावर हाणली. तो डोळे धरून खाली बसला तरी ते मारतच राहिले, आधी वाटीने, मग प्लास्टरने. मी मागे ओढत होते, पण मला आवरेनात. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

वर आल्यावर ते बराच वेळ हात धूत उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सामान बांध. मार खाल्ला तेव्हा इथे राहता येत होतं. आता नाही येणार."