ताईंनी दाखवलेलं पत्र

गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या प्रवासाचे कपडे शिवले, स्वतः मात्र कुठं म्हणून गेले नाहीत. अशा माणसाला एके दिवशी टपालानं पत्र आलं: अभिनंदन, दोघांना समुद्राकाठी आठ दिवसांची मोफत सहल! फक्त नोंदणी फी आठवड्याच्या आत पाठवायची. झालं, मास्तर हुरळले. फुकट आहे तर फी कसली, असं बायकोनं विचारून पाहिलं. पण ऐकतील ते मास्तर कसले! म्हणे, आपलं नाव बिनचूक छापलंय, खोटं कसं असेल? हाताशी तेवढे पैसे नव्हते, तर या शहाण्यानं चक्क शिलाई मशीन विकायला काढलं. घेणारा संध्याकाळी यायचा होता.

दुपारी टपालवाल्या ताई आल्या. मास्तरांनी मोठ्या तोऱ्यात पत्र पुढं केलं. ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. दुसऱ्याच्या टपालाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा नियम त्यांनी वीस वर्षं पाळला होता. जरा घुटमळल्या, मग सायकल लावून आत आल्या आणि पर्समधलं एक पत्र कापडं बेतायच्या टेबलावर ठेवलं. तोच समुद्र, तीच सही, तोच 'एकमेव भाग्यवान विजेता'. नाव तेवढं ताईंचं.

"दुसऱ्यांची दाखवता येत नाहीत, म्हणून माझं दाखवते," त्या म्हणाल्या. "मी पैसे भरले, मास्तर. त्यांनी आणखी मागितले, तेही भरले. आईला न्यायचं होतं. आता तिकडे फोनच लागत नाही. घरी कुणाला माहीत नाही."

मास्तरांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. आपण कुठल्या सोडतीत भागच घेतला नव्हता, मग बक्षीस कसलं, हे आत्ता कुठं त्यांच्या डोक्यात शिरलं. मशीन घ्यायला आलेल्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. बायकोचे डोळे भरून आले. या पोरीचे उपकार आपण जन्मात विसरायचे नाहीत, म्हणाली.

गल्लीत बोभाटा झालाच. जो तो विचारी, मास्तर, तुम्ही ओळखलंत कसं? बक्षीस द्यायला आधी पैसे मागतात तिथंच समजायचं, असं मास्तर वरवर ऐटीत सांगत. लोक त्यांच्या हुशारीचं कौतुक करत आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. पण ताईंचं नाव त्यांनी कधी ओठांवर येऊ दिलं नाही. स्वतःची फजिती उघडी करून जिनं आपलं पोटापाण्याचं साधन वाचवलं, तिच्यासाठी एवढं तरी करायलाच हवं, असं ते बायकोला म्हणत.