गोजरबाईची मूठ

राणीसावरगावात रब्बीची ज्वारी पेरायची म्हटलं की लोक आधी बैल ठरवायचे, मग बियाणं बघायचे आणि मग गोजरबाईच्या दारात उभे राहायचे. "काकू, वापसा आलाय, रान पेरणीजोगं झालंय. उद्या आमच्या रानात."

तिफणीची पेरणी दोघांची असते. पुढं तिफणीवर उभा राहून बैल हाकणारा आणि मागं मूठ धरणारी. बियाणं तिच्या ओटीत. चालता चालता ती मुठीतून दाणे लाकडी पेल्यासारख्या चाड्यात सोडत जाते, चाड्याखालच्या नळ्यांतून ते मातीत उतरतात. मूठ सैल पडली की पीक दाट उगवतं, आवळली की विरळ. गोजरबाई मूठ धरायची आणि तिचा नवरा आप्पाराव बैल हाकायचा. तो मागं वळून कधी बघायचा नाही. नळीतून दाणे उतरतानाचा बारीक आवाज ऐकायचा आणि त्यावर बैलांची चाल कमीजास्त करायचा.

हे काम तिला सासूनं शिकवलं. सासू मोजकं बोलणारी होती. पहिल्या साली म्हणाली, "होईल सवय." पुढं कधीतरी म्हणाली, "हात बसलाय." गोजरबाई मुठीकडं न बघता चालायला लागली तेव्हा म्हणाली, "आता सफाई आली." मग एका पेरणीला असं वारं सुटलं की डोक्यावरचा पदर ठरेना. बाकीच्यांनी तिफणी सोडल्या. गोजरबाईनं हात चाड्याच्या अगदी तोंडाशी नेला आणि रान पेरून काढलं. उगवण झाल्यावर सासू बांधावरून चालत आली, तासांकडं, उगवलेल्या ओळींकडं बघत राहिली आणि म्हणाली, "पोरी, तुझ्यात कसब हाय." तो शब्द गोजरबाईनं दागिन्यासारखा जपला.

गाव मात्र वेगळं बोलायचं. सुतार, फिटर, बँडात सनई वाजवणारा, यांच्याकडं हुन्नर असायचा. गोजरबाईकडं हातगुण होता. "तिच्या हाताला यश हाय," बाया म्हणायच्या. तिलाही ते गोड लागायचं. कसब कमवावं लागतं आणि हातगुण देव देतो, एवढाच फरक आहे असं तिला वाटायचं. देवानं दिलेलं देव काढूनही घेऊ शकतो, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

भाद्रपदात आप्पाराव गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि परभणीला नेईपर्यंत राहिला नाही. दिवसकार्य झालं. वापसा आला. गोजरबाई रोज सकाळी आवरून ओसरीवर बसायची. कुणी बोलवायला आलं नाही. शेवटी हापशावर तिनं शेजारच्या पार्वतीबाईला विचारलं, "पेरणी कधी धरायलाव?"

"झाली की परवा," पार्वतीबाई म्हणाली. मग घागर उचलता उचलता थांबली. "राग मानू नगंस, गोजर. पेरणी म्हंजी शुभाचं काम. बाईचा हातगुण कुंकवासंग असतो."

"मूठ तर माझीच हाय की," गोजरबाई म्हणाली. पार्वतीबाईची घागर तोवर कडेवर चढली होती.

त्यानंतर थोड्याच सालांत गावात ट्रॅक्टर आले आणि मुठीचं काम सगळ्यांचंच गेलं. गोजरबाईनं स्वतःचं रान बटईनं, निम्म्या वाट्यावर दिलं. बटईदार ट्रॅक्टरनं पेरायचा तेव्हा ती बांधावर जाऊन बसायची. ओळी सरळ यायच्या, अंतर सारखं यायचं. खोट काढता आली असती तर तिला जरा बरं वाटलं असतं. घरी कणगीतून दळणाला ज्वारी काढताना तिचा हात मध्येच थांबायचा. मूठ आपोआप वळायची आणि करंगळीच्या बाजूनं दाणे ओघळू लागायचे. ती ते ओघळू द्यायची. मग खाली बसून एकेक दाणा वेचायची.

गेल्या साली पार्वतीबाईचा मुलगा बजरंग टोळीबरोबर ऊस तोडायला गेला. पार्वतीबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून सून शिवकन्या मागं राहिली. त्यांची ओढ्याकाठची पट्टी पेरायची राहून गेली होती. ट्रॅक्टर तिथं रुतायचा. गावात एका आश्रुबाकडंच अजून बैल होते, तिफण होती. पण मूठ धरणारं कुणी नव्हतं. शिवकन्या गोजरबाईकडं आली.

"तुझ्या सासूला इचारलंस का?"

"इचारलं."

"काय म्हणाली?"

"हातगुणाचं म्हणाल्या," शिवकन्या म्हणाली. "मी म्हणलं, मला हातगुण नगं. दोन दाण्यांत अंतर पायजे. ते काकूच्या हातात हाय."

गोजरबाई आत गेली आणि जुनं, मऊ पडलेलं लुगडं नेसून आली.

पहिल्या तासांना काही जमेना. आश्रुबानं बैल थांबवले. "वैनी, नळी वाजंना."

गोजरबाईनं मूठ उघडून बघितली. ती इतकी आवळली होती की दाण्यांचे ठसे तळहातावर उमटले होते. "भाऊजी, जरा दमानं घ्या," ती म्हणाली. "मला तुमच्या बैलांची चाल ठावी न्हाई." तिनं हात पदराला पुसला आणि पुन्हा चालू लागली. बांधाकडून दोन-चार फेऱ्या झाल्या आणि दाणे उतरल्याचा बारीक आवाज येऊ लागला. मग तिनं मुठीकडं बघणं सोडलं.

रानाच्या कडेला, धुऱ्याशी वळताना ती सवयीनं म्हणून गेली, "अवो, पाणी प्या की."

म्हटलं आणि जागच्या जागी थांबली. आश्रुबा वळला नाही. बैलांच्या मानेवरून हात फिरवत तसाच उभा राहिला, तिला डोळे पुसायला वेळ मिळेपर्यंत. मग म्हणाला, "आणा वैनी, तांब्या आणा."

उगवण झाली तेव्हा पार्वतीबाई काठी टेकत रानात आली. बराच वेळ बघून म्हणाली, "इकडं बांधाकडं पातळ झालंय, गोजर."

"झालंय. तिथं मूठ आवळली माझी. चुकलं."

हे बोलताना गोजरबाईला हलकं वाटलं. नशीब नाही, कुंकू नाही, देव नाही. मूठ चुकली होती आणि ती तिची होती. पार्वतीबाई पुढं ओढ्यापर्यंत गेली. परत येताना म्हणाली, "फुडं मातर झ्याक हाय," आणि बांध उतरायला गोजरबाईचाच हात धरला.

पातळ जागी शिवकन्या आणि गोजरबाईनं हातानं एकेक बी टोबलं. शिवकन्या म्हणाली, "काकू, पुढल्या साली मूठ मी धरते. शिकवताल का?"

"शिकवते की. मी बैल हाकते."

"तुमी?"

"जन्मभर ह्यांची पाठच बघितली," गोजरबाई म्हणाली. "तिफणीवर हुबं ऱ्हाऊन ते म्होरं काय बघायचे, ते एकदा बघायचंय मला."

ते झालं नाही. आश्रुबाचा मुलगा त्याला कायमचं राहायला पूर्णेला घेऊन गेला, त्यामुळं चैत्रात बैल विकावे लागले. टेम्पो आला तेव्हा गोजरबाई रस्त्यापर्यंत गेली. फळीच्या फटीतून हात घालून तिनं एकेका बैलाचं कपाळ खाजवलं. टेम्पो गंगाखेडच्या वाटेला लागला. धुरळा खाली बसला, तरी ती तिथंच उभी होती. शेवटी शिवकन्या आली, तिच्या दंडाला धरून म्हणाली, "चला काकू, ऊन लागायलंय."